साल राखलेल्या वाडग्यासाठी झाड कधी तोडावं आणि ओंडका कसा सांभाळावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरामागचं आंब्याचं जुनं झाड ऑगस्टमध्ये उतरवलं, त्याच्या ओंडक्यातून काठाला साल ठेवून लेथवर (लाकूड गरगर फिरवून आकार देण्याच्या यंत्रावर) वाडगे कातायला घेतले आणि पहिला हात फिरवताच साल सुटून अंगावर आली. जिथे वाचलं तिथे ‘हिवाळ्यात तोडा’ असं होतं, पण कोकणात हिवाळा म्हणावा असा असतो तरी कुठे? मग तोडायचं कधी? आणि सुटलेली साल चिकटवता येते का?

चिकटवण्याचं आधी सांगतो, कारण ते लवकर संपणारं आहे. जिथे सालीची एखादी कपची उडाली असेल तिथे ती जपून ठेवून पातळ सुपरग्लूने परत बसवता येते आणि नीट बसवली तर कोणाच्या लक्षातही येत नाही. पण सगळीकडून सुटू लागलेल्या सालीला गोंद पुरा पडत नाही. एका बाजूला धरली की दुसरीकडून उठते आणि वाडगा वाळताना पुन्हा उठते. साल राहणार की जाणार हे झाड ज्या दिवशी पडलं त्या दिवशी बहुतेक ठरलेलं असतं. ऑगस्टच्या ओंडक्याची साल आपल्या हाताने सरसकट काढा, साध्या गोल काठाचे वाडगे काता. आंब्याचं लाकूड त्याने कमी देखणं होत नाही. पावसाळ्यात पडून राहिलेल्या आंब्यात बुरशीने काळ्या-करड्या रेघा उमटतात, लोक त्यावर खूश असतात.

आता कारण. साल आणि लाकूड यांच्यामध्ये पेशींचा एक अगदी पातळ थर असतो, कॅम्बियम. खोड जाड होतं ते याच थरामुळे. आतल्या अंगाला तो लाकूड घालतो, बाहेरच्या अंगाला साल. झाड जोमात वाढत असतं तेव्हा या थरातल्या पेशी नव्या, पातळ भिंतीच्या आणि पाण्याने टचटचलेल्या असतात. जरा ओढ बसली की त्या फाटतात आणि साल अख्खी निघून येते. वाढ थांबली की थर चार-दोन पेशींचा उरतो, भिंती जाड होतात आणि सालीचे तंतू लाकडाला धरून बसतात. थंड मुलखात ही वाढ थंडी थांबवते, म्हणून तिकडचे कातारी ‘हिवाळ्यात तोडा’ म्हणतात आणि त्यांच्यापुरतं ते बरोबरच आहे. आपल्याकडे थंडीने झाड थांबत नाही. पाऊस संपून जमीन सुकत जाते तेव्हा काही झाडं थांबतात, काही आपापल्या पालवीच्या पाळीप्रमाणे थांबतात. त्यामुळे इथे महिना पाहण्यापेक्षा झाड पाहावं लागतं.

आंब्याचंच घ्या. हंगाम संपून पाऊस लागला की आंबा पालवतो, पुष्कळदा ऑक्टोबरच्या उकाड्यात पुन्हा पालवतो. तांबूस, लोंबती, मऊ पानं दिसत असली की साल सैल आहे असं धरून चाला. ती पानं हिरवी, मग गर्द हिरवी, कडक झाली आणि नवा कोंब कुठे दिसत नाही, तेव्हा झाड थांबलेलं असतं. दक्षिण कोकणात हा काळ साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत सापडतो. मोहोर आलेला आंबा कोणी तोडत नाही, ते सोडा. पण वठलेला, अर्धा वाळलेला आंबा तोडायचा असेल तर मार्गशीर्ष-पौष ही त्याची वेळ.

साग, ऐन, किंजळ ही पानझडी झाडं सोपी. पानं पिवळी पडून गळायला लागली की समजायचं. मात्र सगळी एकाच वेळी जागी होत नाहीत. कित्येक झाडं पावसाची वाट न पाहता भर उन्हाळ्यात पालवतात. ऐन एप्रिल-मेमध्ये पानावर येतो, साग त्यानंतर. म्हणून ‘पाऊस पडेपर्यंत हरकत नाही’ हा हिशेब चुकतो. मे महिन्यात रानात सगळं रखरखीत दिसतं, पण खोडात काम सुरू झालेलं असतं.

तुमच्या गावात आंब्या-काजूची कलमं बांधणारा कोणी असेल तर त्याला विचारा. डोळा भरायचा, म्हणजे एका झाडाचा कोंब दुसऱ्याच्या सालीखाली बसवायचा, तर साल सहज उचलली गेली पाहिजे, म्हणून हे लोक साल सुटण्याचा मोसम वर्षभर डोळ्यांत ठेवून असतात. कोणत्या झाडाची साल कधी उचलते हे कलमवाला तोंडपाठ सांगेल. तो ‘आता डोळा भरायला उत्तम’ म्हणाला की आपण त्या झाडाला हात लावायचा नाही. पूर्वी भेंडीच्या (भाजीच्या नव्हे, खाडीकाठच्या झाडाच्या) आणि केवणीच्या सालीचे दोर काढत, त्या जुन्या माणसांनाही साल कधी लांबलचक निघते हे ठाऊक असे. त्यांचं ज्ञान आपण उलट्या बाजूने वापरायचं.

आणि शेवटी चाकू. ज्या खोडातून वाडगे काढायचे त्यावरच, फांदीवर नव्हे, छातीच्या उंचीवर दोन बोटं लांब अशी तीन बाजूंची चीर द्या, लाकडापर्यंत. चाकूचं टोक घालून साल उचला. खाली ओलं, चकचकीत, गुळगुळीत लाकूड उघडं पडलं तर परत घरी जा. साल तुकड्या-तुकड्यांनी तुटत असेल, तंतू लाकडाला चिकटून राहत असतील, चाकूला जोर करावा लागत असेल तर कुऱ्हाडवाल्याला निरोप द्या. ही परीक्षा तोडण्याच्या आठवड्यातच करायची. महिन्याभरापूर्वीची कामाची नाही, कारण मध्येच एखादी अवकाळी सर आली की काही झाडं पुन्हा हलतात.

वादळात पडलेल्या झाडांबद्दल नेहमी विचारतात. निसर्ग वादळ ३ जून २०२० रोजी श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्याला लागलं आणि रायगड-रत्नागिरीत बागाच्या बागा आडव्या झाल्या. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. लाकूड अमाप, तेही फुकटात. पण तारखा पाहा. मे-जून म्हणजे खोड जागं असण्याचे दिवस. अशा लाकडातून उत्तम वाडगे होतात, पण सालीची आशा धरू नये. मुळासकट उन्मळून पडलेलं झाड कधी कधी पुढचे काही महिने अर्धमुर्धं जिवंत राहतं. ते तसंच ठेवून डिसेंबरात चाकू लावून पाहायला हरकत नाही.

अमावस्येचं काय, असंही विचारतात. बांबू अंधाऱ्या पक्षात तोडला की भुंगा लागत नाही, असं आपल्याकडे जुनी माणसं सांगतात. मी त्यांच्याशी वाद घालत नाही, तिथी जुळली तर पाळतोही. पण सालीच्या पकडीत त्याने फरक पडलेला मला कधी दिसला नाही.

झाड कोणतं घ्यावं? नवशिक्याला मी आकेशिया सांगतो. सामाजिक वनीकरणात याची कोकणभर लागवड झाली, रस्त्याकडेला सहज मिळतो. आतला गाभा तपकिरी, बाहेरचं लाकूड फिकट पिवळं आणि वर काळपट साल, त्यामुळे काठावर तीन रंगांची पट्टी आपोआप येते. फणस त्याहून देखणा, ताजा असताना गाभा हळदीसारखा आणि वर्षांनी मधाच्या रंगावर जाणारा. पण चीक सोसावा लागतो. करवतीच्या पात्याला आणि हाताला आधी खोबरेल चोळा, फणस चिरताना घरी करतात तसंच. चिंचेचं लाकूड दणकट आणि गाभा सुंदर, पण जुन्या झाडाची साल खवल्याखवल्यांची असते आणि खवला उडाला की काठ बोडका दिसतो, म्हणून मध्यम वयाचं खोड पाहा. काजू टाळा. त्याच्या सालीतला रस अंगावर उततो. आंब्याचा चीकही काहींना भाजतो, तेव्हा पूर्ण बाह्यांचा सदरा आणि तोंडाला मास्क हवाच.

किनाऱ्यावरची भेंडी आणि उंडी ही दोन झाडं मात्र आपल्याकडे कोणी मोजत नाही आणि मला त्याचं वाईट वाटतं. खाडीकाठची भेंडी, पिवळी फुलं संध्याकाळी लालसर होणारी, हिचा गाभा चॉकलेटी-तांबडा आणि बारीक पोताचा. प्रशांत महासागरात हवाई बेटांवर हीच दोन झाडं वाडग्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या नावाजलेली आहेत; तिथे भेंडीला मिलो म्हणतात आणि उंडीला कमानी. आपण भेंडी कुंपणाला लावतो आणि उंडीच्या बियांचं तेल काढून तिला विसरतो. फक्त एक, पुळणीलगतच्या झाडांच्या सालीत वाऱ्याने वाळू भरलेली असते. ओंडका लेथवर चढवण्याआधी तारेच्या नाही, नारळाच्या काथ्याच्या किंवा प्लास्टिकच्या ब्रशने पाण्याखाली घासून काढा, नाहीतर हत्याराची धार क्षणात जाते. कुंपणातल्या झाडात खिळे आणि काटेरी तार असतेच. खिळ्याभोवती लाकूड निळं-काळं पडतं, तसा डाग ओंडक्याच्या टोकाला दिसला की तेवढा भाग सोडून द्या.

वड, पिंपळ, औदुंबर आणि देवराईतलं काहीही, पडलेलं असलं तरी, याचा विषय काढू नका.

आता तोड. आपल्याकडच्या तोडणाऱ्या माणसाला साल म्हणजे कचरा. झाड जिथे पडेल तिथे पाडायचं, उतारावरून ओंडके लोटायचे, ट्रकात आपटायचे, ही त्याची रोजची पद्धत. त्याचं चुकत नाही, वखारीत सालीला भाव नाही. तुम्हीच आधी सांगायचं आणि दोन पैसे जास्त द्यायचे. झाड पडेल तिथे फांद्या-पाल्याची गादी करून घ्या. कातळावर पडलेल्या खोडाची साल वरून शाबूत दिसते, आतून सुटलेली असते आणि हे लेथवर कळतं. ओढायचं नाही, दोन ठिकाणी दोर घालून उचलायचं. साखळी किंवा लोखंडी आकडा नको. चेनसॉ चालवताना साल आत ओढली जाईल अशा बाजूने पातं घाला, बाहेर फेकली जाईल अशा बाजूने नाही. नाहीतर कापाच्या कडेला साल फाटते.

फांदीपेक्षा खोड घ्या. आडव्या वाढलेल्या फांदीचा मध्य एका बाजूला सरकलेला असतो आणि वरच्या अंगाचं लाकूड ताणाचं असतं, ते वाळताना वेडंवाकडं वळतं.

ओंडका किती जाड हवा, याकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. साल राखलेला वाडगा म्हणजे ओंडका मधोमध उभा चिरून त्याच्या अर्ध्या भागातून काढलेला वाडगा, सालीची बाजू काठाकडे, मध्याची बाजू बुडाकडे. ओंडका गोल असल्याने काठ दोन बाजूंना उंच, दोन बाजूंना खाली येतो. समजा ३० सेंटिमीटर व्यासाच्या ओंडक्यातून २६ सेंटिमीटरचा वाडगा काढला, तर उंच आणि सखल जागेत सुमारे साडेसात सेंटिमीटरचा फरक पडतो. तोच वाडगा ४० सेंटिमीटरच्या ओंडक्यातून काढला तर फरक पाचाच्या आत येतो. हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही. बारीक ओंडक्यात सखल जागी साल जवळजवळ उभी असते आणि वाडग्याची भिंतही उभीच, त्यामुळे साल भिंतीवर लांब, निमुळती, पापुद्र्यासारखी उरते. तिथूनच ती सुटायला सुरुवात होते. जाड ओंडक्यात साल भिंतीला आडवी छेदली जाते, तिच्याखाली भक्कम लाकूड असतं. म्हणून साल टिकवायची असेल तर वाडग्याच्या दीडपट व्यासाचा ओंडका शोधा.

लांबी वाडग्याच्या व्यासापेक्षा चांगली जास्त ठेवा. टोकांना तडे जाणारच, दोन्हीकडून तीन-चार सेंटिमीटर कापून टाकायची तयारी हवी. खरं तर ओंडका घरी येईपर्यंत शक्य तेवढा लांबच राहू दे, तुकडे कातायच्या दिवशी करा. तोडल्याबरोबर, त्याच दिवशी, टोकांना वितळलेलं मेण किंवा फेविकॉलचा जाड थर फासा. जुना ऑइल पेंटही चालतो. सालीला काही लावायचं नाही.

ओंडके सावलीत, जमिनीपासून उंच, दोन वाशांवर. जांभ्याच्या अंगणात किंवा सड्यावर उन्हात अजिबात नाही, दुपारी तो दगड तव्यासारखा तापतो. प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका. सालीखालच्या थरात साखर असते, बुरशी आधी तिथेच शिरते. भुंग्यांनाही तोच थर हवा असतो. आंब्यावर तोडल्यानंतर काही दिवसांतच ते अंडी घालतात आणि अळ्या साल व लाकूड यांच्यामधूनच पोखरत जातात. साल वरून धड, आत भुसा. ओंडक्याखाली बारीक पीठ पडलेलं दिसलं की ओळखा. यावर माझा एकच उपाय आहे, वाट पाहू नका. साल राखायचा ओंडका पंधरा दिवसांच्या आत कातून मोकळा व्हा. लाकूड वर्षभर मुरवून मग कातायचं ही रीत खुर्ची-टेबलाची, या कामाची नाही.

कातण्याबद्दल थोडंच सांगतो. अर्धा ओंडका चिरताना मधला पिथ, म्हणजे खोडाच्या अगदी केंद्रातला मऊ भाग, दीडेक सेंटिमीटर लाकडासह काढून टाका, तो बुडात राहिला तर बूड तडकणारच. सालीच्या बाजूला मधोमध साल छिन्नीने काढून तिथे लाकडातच ड्राइव्ह सेंटर (तुकड्याला फिरवणारं लेथचं दातेरी टोक) बसवा, सालीवर बसवलं तर ते घसरतं. टेलस्टॉक (समोरून तुकडा दाबून धरणारा लेथचा भाग) पुढे-मागे हलवून दोन्ही उंच टोकं एका पातळीत आणि दोन्ही सखल जागा एका पातळीत येईपर्यंत तुकडा तिरका-सरळ करत राहा. यात घालवलेला वेळ वाया जात नाही. बाहेरचा आकार नेहमीप्रमाणे बुडाकडून काठाकडे काढा, पण काठाजवळचा शेवटचा हात उलटा, सालीकडून लाकडात घ्या. म्हणजे सालीला मागून लाकडाचा आधार राहतो. धार ताजी हवी. बाहेरचा आकार झाला की आत पोखरण्यापूर्वी साल आणि लाकडाच्या सांध्यात पाण्यासारखा पातळ सुपरग्लू सोडा, मात्र त्याआधी बाजूच्या फिकट लाकडावर चपड्याच्या (लाखेच्या) पॉलिशचा हात द्या, नाहीतर गोंदाचे डाग कायमचे राहतात. सालीची पकड चांगली असेल तर हा गोंद नुसती काळजी म्हणून, सैल असेल तर निरुपयोगी. काठ फिरताना दिसत नाही, पंख्याच्या पात्यासारखा धूसर होतो. बोटं टूलरेस्टच्या (हत्यार टेकवायच्या दांडीच्या) अलीकडे ठेवा आणि सँडपेपर काठावर लेथ बंद करून हातानेच मारा.

भिंत एकाच बैठकीत सात-आठ मिलिमीटरपर्यंत सारख्या जाडीची करून टाका. ओलं लाकूड वळेल, वाडगा किंचित लांबट होईल, होऊ दे. जाडी सारखी असेल तर तडा जात नाही.

वाळवणं हिवाळ्यात सोपं. वर्तमानपत्रात दोन-तीन वेळा गुंडाळून घरातल्या सावलीच्या कोपऱ्यात ठेवा, रोज कागद बदला, आठवड्याने एकच थर ठेवा. भुशात पुरून ठेवण्याची पद्धत कोरड्या मुलखात चालते, आपल्याकडे भुसा दमट राहतो आणि साल पांढऱ्या बुरशीने भरते. जूनआधी वाडगा वाळून, तेल किंवा पॉलिश लागून तयार झाला पाहिजे. पावसाळ्यात आपल्या हवेत लाकडातला ओलावा १७-१८ टक्क्यांच्या खाली सहसा जात नाही. तेव्हा वाळवत बसाल तर दिवाळीनंतर तो पुन्हा आकसेल आणि साल ताणली जाईल. चूल अजून पेटत असेल तर चुलीवरच्या माळ्यावर, धुरापासून जरा बाजूला, पावसाळ्यातही वाळतो. साल थोडी काळवंडते, मला ते आवडतं.

परवानगीचं शेवटी सांगतो, पण करायचं सगळ्यांत आधी. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत साग, ऐन, किंजळ, खैर, चिंच, जांभूळ आणि चक्क आंबा-फणससुद्धा आहेत. स्वतःच्या परसातलं असलं तरी अशा झाडाला परवानगी लागते, वाहतुकीचा पास वेगळा. खाडीकाठी भेंडीच्या शेजारी कांदळवन असतं, त्याच्या फांदीलाही हात लावता येत नाही. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात उच्च न्यायालयाचे वृक्षतोडबंदीचे आदेश आहेत, तिथे वनखात्यात चौकशी केल्याशिवाय कुऱ्हाड उचलू नका. कागद हलायला वेळ लागतो. मार्गशीर्षात झाड उतरवायचं असेल तर अर्ज गणपतीच्या आधीच देऊन ठेवा. परवाना फेब्रुवारीअखेर हातात पडला तर चाकू लावून पाहा, आणि साल उचलली गेली तर ते झाड पुढच्या थंडीपर्यंत उभं राहू दे.